आई-बाबा हरवले आहेत

हॅलो... हॅलो... येतंय का ऐकू? मी कर्णा बोलतोय.

बागेतल्या खांबावरचा कर्णा. काहीजण मला भोंगा म्हणतात, पण ते मला आवडत नाही. कर्णा म्हटलं की त्यात कर्ण येतो, म्हणजे कान. नाव कानाचं आणि काम तोंडाचं, अशी माझी गंमत आहे. जन्मभर बोललो, पण त्यातला एकही शब्द माझा नव्हता. खाली कोणीतरी माइकसमोर बोलायचं आणि वर माझं तोंड उघडायचं. आज माइकसमोर कोणीच नाही. तेव्हा म्हटलं, निदान एकदा तरी आपलं आपण बोलून घ्यावं.

एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात पत्र्याच्या चकतीतून माझा जन्म झाला. चकती यंत्रावर गरगर फिरवत एका कारागिराने मला हळूहळू फुलवलं. तिथल्या खडखडाटामुळे तो दिवसभर कानात कापसाचे बोळे घालून बसायचा. त्यामुळे माझा पहिला आवाज माझ्या जन्मदात्यानेच ऐकला नाही.

तिथून मी थेट या बागेत आलो. शहराची बस जिथे वळसा घेऊन परत फिरते, तिथे ही बाग सुरू होते. मधोमध तळं, तळ्यात वल्हवायच्या होड्या. एक छोटी आगगाडी, जी निघते तिथेच परत येते. उंच कुंपणझाडांचा भुलभुलैया. आणि पलीकडे भोपळ्यांचं शेत, तिथून मुलांनी आपल्या हाताने भोपळा निवडून घरी न्यायचा.

पानगळ आली की माझा हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात माणसांना सावली हवी असते, कडक थंडीत पांघरूण. पण ऊन मऊ झालं, झाडं पिवळी-तांबडी दिसू लागली, की सुट्टीच्या दिवशी शहर मुलांना घेऊन इकडे लोटतं. बाबा लोक दरवर्षी तोच विनोद करतात: "परीक्षेत नको बरं का, इथे हवा तेवढा मोठा भोपळा घे!" आणि दरवर्षी स्वतःच हसतात. माळी दाताळ्याने पानांचे ढीग करतो, मुलं त्यात धाडकन उड्या मारतात, आणि माळ्याचं पुन्हा येरे माझ्या मागल्या. आया म्हणतात, "कपडे खराब होतील!" मग कोणी बघत नाहीसं पाहून स्वतःही एक उडी मारून घेतात. वरून मला सगळं दिसतं.

सकाळी तळ्यावरचं धुकं चढत चढत माझ्यापर्यंत येतं. खाली बाग उरत नाही, नुसते आवाज उरतात. चाकांची किरकिर, कोणाची तरी हाक, पाण्यावर वल्ह्याची थाप. त्यातला कोणता आवाज आजचा आणि कोणता फार पूर्वीचा, हे मला कधीकधी कळत नाही.

आता बाईंबद्दल सांगतो. खांबाच्या पायथ्याशी एक लाकडी खोली आहे. तिथे बसून बाई सूचना द्यायच्या. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. आगगाडी कधी सुटणार, होडीत उभं राहू नका, कोणाची टोपी सापडली आहे, हे सगळं त्या सांगायच्या आणि मी ते तळ्यापलीकडे पोचवायचो. आमची जोडी झकास जमली होती.

बाई नवीन असतानाची गोष्ट. माळ्याने एका छोट्या मुलाला खोलीत आणून सोडलं. पठ्ठ्या मजेत होता. स्टुलावर बसून पाय हलवत कणीस खात होता. बाईंनी माइक सुरू केला आणि म्हणाल्या, "एक लहान मुलगा हरवला आहे." ते ऐकून त्याचं चावणं थांबलं.

"कोण हरवलंय? मी?" त्याने विचारलं, आणि असा टाहो फोडला की तोही माझ्यातून बागभर गेला.

तोवर बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं की आपण हरवलोय. ते त्याला आम्ही सांगितलं. बाईंनी त्याला मांडीवर घेतलं, थोडा विचार केला आणि पुन्हा माइक सुरू केला.

"ऐका हो ऐका. एका दादाचे आई-बाबा हरवले आहेत. दादा इथे कर्ण्याच्या खांबाखाली त्यांची वाट बघतो आहे. आई-बाबांनी घाबरू नये. लवकर येऊन दादाला भेटावं."

मुलगा रडायचा थांबला. थोड्या वेळाने धापा टाकत आई-बाबा आले, तेव्हा तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कुठे गेला होतात तुम्ही?"

त्या दिवसापासून बाईंनी कानाला खडा लावला. आमच्या बागेत मूल कधीच हरवलं नाही. हरवली ती मोठी माणसं. बाई नव्या माणसांना सांगायच्या, "जो हरवलाय त्याला कधी सांगू नये, की तू हरवलायस. त्याला सांगावं, बाकीचे हरवलेत, तू थांब." गंमत म्हणजे आई-बाबाही तसेच निमूट यायचे, चूक आपलीच असल्यासारखे.

किती पानगळी अशा गेल्या, मी मोजल्या नाहीत. मग बाई एकच सूचना दोनदा देऊ लागल्या. कधी वाक्य अर्ध्यात सोडून गप्प बसायच्या. मी तोंड उघडून वाट बघायचो, आणि माझ्यातून नुसता त्यांचा श्वास बाहेर पडायचा. एके दिवशी त्यांची लेक आली आणि त्यांचा चष्मा, कप, खुर्चीवरची उशी पिशवीत भरून घेऊन गेली. खोलीत माळ्याने दाताळी ठेवली. माइक फाटकाजवळच्या कार्यालयात गेला. तिथे एक नवी मुलगी आली. पोरगी गोड होती, पण तिला जे छापून दिलं होतं, ते ती वाचायची.

आणि मग तो रविवार आला.

बाई लेकीबरोबर आणि नातीबरोबर बागेत फिरायला आल्या होत्या. नात एवढीशी, पण सारखी लगबग, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. तिघींनी पानं गोळा केली, आगगाडीत बसल्या. भुलभुलैयाच्या तोंडाशी मुंगीचा बूट निघाला. लेक तो घालायला खाली वाकली. ती उभी राहीपर्यंत बाई नव्हत्या.

लेक भुलभुलैयात धावली. तिने आईला फोन लावला, तो तिच्याच पिशवीत वाजला. "आई! अगं आई!" ती हाका मारत होती, आणि गर्दीतल्या दहा आया वळून बघत होत्या.

बाई कुठे होत्या सांगू? माझ्या खाली. आपल्या जुन्या खोलीच्या पायरीवर, बंद दाराशी बसल्या होत्या. कुणीतरी येऊन कुलूप उघडेल आणि आपण कामाला लागू, म्हणून वाट बघत. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. मला त्या स्पष्ट दिसत होत्या. साऱ्या बागेत सगळ्यात मोठा आवाज माझा, आणि मला "इथे आहेत हो" एवढे तीन शब्द म्हणता येत नव्हते. आयुष्यात एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

ऊन उतरलं. तळ्यावर धुकं जमू लागलं. होडीवाल्याने होड्या बांधायला घेतल्या.

तेवढ्यात मी बोललो. म्हणजे फाटकाजवळची मुलगी बोलली. "सूचना. एक वयस्कर बाई हरवल्या आहेत. पांढरे केस, निळा स्वेटर. त्यांना विसरण्याचा आजार आहे. दिसल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "अगं बाई," त्या हळहळल्या. "बिचारी! संध्याकाळची कुठे भटकत असेल?"

आणि त्या तिला शोधायला उठल्या. निळ्या स्वेटरची बटणं लावत, धुक्याच्या दिशेने, तळ्याकडे. होडीवाला पाठमोरा होता. बाई लाकडी धक्क्यावर चढल्या. धक्का पाण्यात जिथे संपतो, तिथे कठडा नाही. मला फक्त निळा ठिपका दिसत होता, आणि तोही फिका होत चालला होता.

कार्यालयात काय झालं ते मला माइकमधून कळलं, कारण घाईत त्या मुलीने तो बंदच केला नव्हता. लेक रडत होती. मध्येच मुंगीचा आवाज आला, "असं नाही सांगायचं! आजी नाही हरवली."

"मुंगे, थांब गं जरा."

"पण आजीने सांगितलंय तसं नाही म्हणायचं! द्या ना मला. मी सांगते."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग माझ्या तोंडाशी एक फुंकर आली, आणि आजवर माझ्यातून गेलेला सगळ्यात लहान आवाज बाहेर पडला.

"ऐका हो ऐका. एका आजीची नात हरवली आहे. आणि आईपण हरवली आहे. आम्ही कर्ण्याच्या खांबाखाली येऊन थांबतो. आजीने घाबरू नये. आजी, लवकर ये, आम्हाला घेऊन जा."

माझ्या पत्र्यात जेवढी ताकद होती तेवढी मी त्या वाक्यांना लावली. धक्क्याच्या टोकाशी निळा ठिपका थांबला. वळला. मग मोठा होऊ लागला. बाई चालत आल्या त्या कशा! ताठ मानेने, झपाझपा, कामावर उशीर झाल्यासारख्या. होडीवाला वल्हं टाकून त्यांच्यामागून धावला, पण त्याची गरज नव्हती.

खांबाखाली मुंगी उभी होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "रडू नकोस हं, बाळ. नाव काय तुझं?"

"मुंगी."

"छान नाव आहे. आई कुठे दिसली होती शेवटची?"

मुंगीने बोट दाखवलं. मागून लेक येत होती. बाई उठल्या, मुंगीचा हात तिच्या हातात दिला आणि जुन्या आवाजात रागे भरल्या, "कुठे गेला होतात हो तुम्ही? एवढंसं लेकरू एकटं सोडून?"

"चुकलं माझं," लेक म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते. "पुन्हा नाही हरवणार."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिच्या गळ्यातला सुटलेला मफलर पुन्हा गुंडाळत म्हणाल्या, "वारा सुटलाय गं. तुला लगेच खोकला होतो."

मी वरून ऐकत होतो. नाव कानाचं आहे, ते उगीच नाही.

त्यानंतरही दर पानगळीत त्या तिघी येतात. बाई आता फार बोलत नाहीत. मुंगी मात्र खांबाजवळ येते, वर बघते आणि मला "काय रे" म्हणते.

आता सूचना लोकांच्या फोनवर जातात. काल वायरमन शिडी लावून वर आला, त्याने माझी तार सोडवली. स्क्रू गंजलेत म्हणाला, पाना घेऊन उद्या येतो. माझं गाऱ्हाणं नाही. खूप बोललो, खूप ऐकलं, आणि पानं तर खाली येतातच.

फक्त एक विनंती आहे. पुढच्या सुट्टीत मुंगी येईल आणि वर बघेल. तिला खांब मोकळा दिसेल. तेव्हा तुमच्यापैकी कोणी जवळ असेल, तर कर्णा काढून टाकला असं तिला सांगू नका. तिच्या आजीची पद्धत तुम्हाला आता माहीत आहे. तसं सांगा, की एका कर्ण्याची माणसं हरवली आहेत आणि तो त्यांची वाट बघतो आहे.