मास्तरांचा घसा

माझा नवरा डॉक्टर आहे आणि गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही. दवाखान्यात पार्टिशनच्या अलीकडे बसून मी नंबर पुकारते, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येतं. "इंजेक्शनची गरज नाही." "वजन उतरवा, नाहीतर परत येऊ नका." "हे साधं दुखणं नाही, उद्याच मोठ्या हॉस्पिटलात जा." लोक तोंड वाकडं करून बाहेर पडतात आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन येतात. का, तर हा माणूस खोटं बोलत नाही.

याच भांडवलावर माझ्या दादाने त्याला संसदेच्या निवडणुकीला उभं केलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शाळेतून निवृत्त झालेला. त्याला सगळे मास्तरच म्हणतात, माझा नवरासुद्धा. शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या पोराला खडबडून जागं करणारा आवाज आणि खिशात कायम सिगारेटचं पाकीट. निवृत्तीनंतर त्या आवाजाला काही काम उरलं नव्हतं. आता मिळालं.

दादाने नवऱ्याची चक्क शिकवणी घेतली. "डॉक्टर, मतदानापर्यंत 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. रस्ता होईल का? बघू. पूल होईल का? नक्की बघू. आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा." सुरुवातीला हा खांद्यावर हात ठेवायचा तो हाड मोडलंय का ते चाचपल्यासारखा. मी हसून हसून बेजार व्हायचे. मग हळूहळू त्याला जमायला लागलं. इतकं झकास जमलं, की मला ते बघवेना.

प्रचार सुरू झाला आणि दादाचा घसा बसला. बसला तो बसलाच. कार्यकर्ते थट्टा करायचे, मास्तरांनी आपला आवाज डॉक्टरांना देऊन टाकला म्हणून. गुळण्या झाल्या, मध झाला, गरम पाण्याचे थर्मास झाले. दादा घोगऱ्या आवाजात ओरडतच राहिला. मीही आधी थट्टेत सामील होते. एकदा जेवताना पाण्याचा घोट गिळताना तो कळवळला आणि त्याचा हात कानाकडे गेला. त्याने लगेच कान खाजवल्यासारखं केलं, पण माझी थट्टा तिथेच थांबली.

कारण पार्टिशनच्या पलीकडून मी हे कितीदा ऐकलं होतं. "तीन आठवडे झाले तरी आवाज बसलेलाच? सिगारेट ओढता? गिळताना कानात कळ येते? मग उद्याच घशाच्या डॉक्टरांकडे. कारणं नकोत." बसच्या कंडक्टरला सांगितलं होतं, भाजीवालीला सांगितलं होतं. माझ्या भावाला मात्र नवऱ्याने एका शब्दाने विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे नवरा दवाखान्यात शर्ट बदलायला आला, तेव्हा मी दार लावून घेतलं.

"दादाचा घसा पाहिलास?"

"प्रचारात बसतोच गं घसा."

"मी काय विचारतेय? पाहिलास का?"

तो बटणं लावत राहिला. "पाहिलाय. आरसा घालून. पहिल्या मोठ्या सभेनंतर."

"मग?"

"डाव्या बाजूला काहीतरी आहे. चांगलं दिसत नाही."

"आणि त्याला काय सांगितलंस?"

"म्हटलं, बोलून बोलून सूज आलीय. मतदान झालं की बघू." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तरांशिवाय माझं पान हलत नाही, तुला माहीत आहे. थोडेच दिवस राहिलेत."

"कोणाचे?" मी विचारलं आणि तो हात झटकून टाकला. लग्नानंतर इतकी चीड मला त्याची कधी आली नव्हती.

तशीच प्रचार कार्यालयात गेले. दादा पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून कुणाला तरी खुणेनेच झापत होता. त्याला कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. तो हसला. हसण्यालाही आवाज नव्हता, नुसती हवा.

"चिमणे, तुझं डोकं फिरलंय. काही असतं तर तो माणूस मला तोंडावर बोलला असता. त्याला लपवता येतं का काही? अगं, हेच तर मी घसा फोडून लोकांना सांगतोय."

मी त्याचा दंड धरला आणि चारचौघांत ओढत दवाखान्यात आणला. पेशंटच्या स्टुलावर बसवला.

"सांग," मी नवऱ्याला म्हटलं. "माझ्यावर याचा विश्वास नाही. तू सांग."

नवऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला आणि त्याचा जुना, कोरडा आवाज कितीतरी दिवसांनी मी ऐकला.

"मास्तर, ती सूज नाही. गाठ आहे. तुकडा काढून तपासावा लागेल."

"कधी कळलं?"

"पाहिलं तेव्हाच."

मला वाटलं, आता दादा त्याच्या थोबाडीत देतोय. द्यायला हवी होती. पण त्याने फक्त विचारलं, "बोलल्यामुळे वाढली का?"

"बोलल्यामुळे नाही," नवरा म्हणाला. "थांबल्यामुळे."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजायला लागला. ड्रायव्हरने दारातूनच हाक मारली, "डॉक्टर, चौक भरलाय!" शेवटची सभा होती.

"मी टॅक्सी बोलावते," मी नवऱ्याला म्हटलं. "येतोस?"

तो उभा राहिला. एकदा दाराकडे पाहिलं. "तुम्ही पुढे व्हा. हॉस्पिटलात फोन करून ठेवतो, ते लगेच बघतील. मी सभा आटोपून आलोच." आणि गेला. दादाच्या नजरेला नजर न देता गेला.

हॉस्पिटलचा रस्ता चौकावरूनच जातो. गर्दीत टॅक्सी अडकली. स्पीकरवरून नवऱ्याचा आवाज येत होता, खणखणीत. दादाने काच खाली केली. मला वाटलं, तो थुंकेल, निदान शिवी तरी देईल. तो कान देऊन ऐकू लागला. ते भाषण त्यानेच लिहिलं होतं, त्यानेच बसवून घेतलं होतं. नवऱ्याच्या एकेका वाक्याबरोबर दादाचे ओठ हलत होते.

"आता थांब," तो पुटपुटला. "इथे टाळी आहे."

नवरा थांबला. चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. दादाने समाधानाने मान हलवली, आणि मी त्याचा हात घट्ट धरून रडायला लागले.