फुगलेली बॅटरी

घानातल्या टेचिमानच्या रस्त्यावर रात्री ट्रोट्रोचे, म्हणजे वडाप मिनीबसचे, दिवे मंदावले, तसा चालक डांक्वा मागे बसलेल्या वायरमनवर ओरडला, "ओफोरी, तू दुरुस्त केलेला डायनामो आठवड्यात मेला!"

प्रवासी ओफोरीवर तुटून पडले. इंजिन चालूच ठेवायला सांगून त्याने उतरून बॅटरी पाहिली. ती फुगली होती, तव्यासारखी तापली होती.

"मेलेली बॅटरी भरता भरता डायनामो जळला. डांक्वा, ही बॅटरी बदल म्हणालो होतो ना?"

"आमचा जीव स्वस्त का रे, मेल्या?" एक म्हातारी डांक्वावर उखडली. त्याची मान खाली गेली.

ओफोरीला ते बघवेना. "आजी, बॅटरी मेलीय हे दिसत असूनही डायनामो मीच बसवला. नाही म्हटलं असतं, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं असतं."

तो परत गाडीत चढला. पुढे चाललेल्या एका ट्रकच्या दिव्यांच्या मागे मागे, अंधारात, ट्रोट्रो कशीबशी गावात पोचली.