खाली आणायची जबाबदारी

व्यापारी संघाचा चिटणीस पडद्यांच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "वहिनी, जरा खाली येता का?" कप्तानच्या बायकोला तेव्हाच कळायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. नवरा गेल्यापासून हा माणूस ती जिन्यात दिसली की मोबाइल कानाला लावून भिंतीकडे तोंड करायचा. आज त्याच्या तोंडी 'वहिनी' आलं होतं आणि डोळ्यांत पाणीसुद्धा.

ती पडद्याला चुण्या घालत होती. मशीन न थांबवता तिने विचारलं, "काय झालं?"

"एका विनोदवाल्याने आपल्या कप्तानवर विनोद केला. भरल्या सभागृहात. आणि लोक हसले, वहिनी! मेलेल्या माणसावर पोट धरधरून हसले."

मशीन थांबलं.

सात मजल्यांची ती इमारत, तळापासून वरपर्यंत बहुतेक कापडाचीच दुकानं आणि मालकी व्यापारी संघाची. तिचा नवरा तिथे लिफ्ट चालवायचा. सगळी इमारत त्याला कप्तान म्हणायची, आणि तो माणसांना मजल्यांवरून हाक मारायचा. "काय सहावा, आज उशीर?" "या तिसरा, सर्दी बरी झाली का?" ती चौथ्या मजल्यावर शिवायची, म्हणून इमारतीत असेपर्यंत ती चौथा. घरी गेल्यावर मात्र तिला नाव होतं, आणि ते तो जरा लाडानेच घ्यायचा. एका दुपारी लिफ्ट पाचव्या मजल्यावरून सुटली आणि तळाशी जाऊन आदळली. आत कापडाचे गठ्ठे होते आणि तो होता. चौकशी झाली. चालकाने प्रमाणाबाहेर माल भरला, असं ठरलं. माल भरायला कोणी लावलं, हे कोणी विचारलंच नाही. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे खापर फोडायला त्याच्याइतकं सोयीचं डोकं दुसरं नसतं.

"काय म्हणाला तो?" तिने विचारलं.

"जाऊ द्या. तोंडाने उच्चारवत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधीच माणूस गेला, वर चूक त्याचीच म्हणून शिक्का बसला, आणि आता कोणी उपटसुंभ त्याच्यावर टाळ्या मिळवतोय? ती तशीच उठली. खाली कॅमेरेवाले उभेच होते. ते इतक्या लवकर कसे आले, हा प्रश्न तिला नंतर पडला. समोर माइक आला तशी ती म्हणाली, "माझ्या माणसावर हसलास ना? तुझं ते तोंड परत कधी उघडू नये!"

ते वाक्य संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचलं. दुसऱ्या दिवशी तो विनोदवाला पोरगा जिथे कार्यक्रम करायचा त्या नाट्यगृहाच्या काचा फुटल्या. त्याचे पुढचे सगळे कार्यक्रम रद्द झाले. त्याच्या आईच्या दारावर कोणीतरी दगड मारला. तळमजल्यावर कप्तानचा भला मोठा फोटो लागला, खाली 'श्रमिकाचा अपमान सहन करणार नाही' अशी मोठ्या अक्षरांची ओळ. फोटो त्याच्या ओळखपत्रावरून वाढवलेला होता. त्यात त्याचं तोंड बंद होतं, त्यामुळे तो कोणी दुसराच माणूस वाटत होता.

आणि सगळ्यांना एकदम तिचा पुळका आला. बटणवाली बाई गळ्यात पडून रडली. अस्तरवाल्याने मुठी आवळल्या. हमालांच्या म्होरक्याने त्या विनोदवाल्याची तंगडी तोडायची तयारी दाखवली. ती प्रत्येकाला एकच विचारायची.

"पण तो म्हणाला काय?"

"नको वहिनी, तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. सांग."

"म्हणजे तसं मी स्वतः नाही ऐकलं. पण फार घाण बोलला म्हणे."

रागाने लालबुंद झालेल्या त्या अख्ख्या इमारतीत विनोद ऐकलेला माणूस शोधून सापडेना. शेवटी घरी येऊन तिने लेकीला सांगितलं, "तुझ्या फोनवर असेल ना ते? दाखव मला."

"आई, कशाला जखमेवर मीठ चोळून घेतेस?"

"दाखव म्हणते ना."

लेकीने फोन भाजीच्या टोपलीला टेकवून उभा केला. पडद्यावर चष्मा लावलेला एक लुकडा पोरगा आला. त्याला बघताच तिने ओळखलं. हा तर सहावा! विम्याच्या कचेरीत कारकून होता, नोकरी सोडून गेला होता. पोरगा हसत सांगत होता, "आमच्या जुन्या ऑफिसला एक लिफ्टवाले काका होते. आत शिरलं की म्हणायचे, वर न्यायची जबाबदारी माझी. खाली तुम्ही आपोआप याल. आम्ही रोज हसायचो. एक दिवस काका स्वतःच आपोआप आले."

सभागृह हसलं. मग गप्प झालं. आणि इकडे चुलीपुढे उभी असलेली ती फसकन हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. लेक घाबरून तिच्याकडे बघत राहिली.

"आई?"

"अगं, हा यांचाच आहे!" ती म्हणाली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. "हा विनोद यांचा आहे गं. इथे, याच ताटावर बसून पाठ करायचे. मलाच ऐकवून ऐकवून वीट आणला होता."

तिला सगळं आठवलं. उतरताना लिफ्टचा ब्रेक घसरायचा. गचका बसायचा, पोटात गोळा यायचा. त्याने संघाच्या कचेरीत सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. उत्तर ठरलेलं, बघू. मग एक दिवस जेवताना तो म्हणाला होता, "तक्रार केली की लोक घड्याळ बघतात. विनोद केला की थांबतात. आता तेच करून बघतो." आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला त्याने तो विनोद ऐकवला. फक्त तो असा नव्हता. त्याचा शेवट वेगळा होता. तो म्हणायचा, "वर न्यायची जबाबदारी माझी. खाली आणायची अध्यक्षांची!"

संघाचे अध्यक्ष सातव्या मजल्यावर बसायचे. एकदा ते आत असतानाच कप्तानने तो विनोद त्यांच्या तोंडावर मारला होता. घरी आला तो उडतच. "सातवा सगळ्यांत मोठ्याने हसला! माझ्या पाठीवर थाप मारली. आता बघ, दुरुस्ती होतेच." दुरुस्ती झाली नाही, आणि महिनाभराने लिफ्ट पडली.

तिने डोळे पुसले. आता तिला रडू येत नव्हतं, अंगाचा तिळपापड होत होता. स्वतःचाही राग आला. न ऐकताच तोंड उघडलं आणि एका पोराच्या आईच्या दारावर दगड पडला. पण त्या पोराचाही राग आला. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस, तर निदान टाळू कुणाची ते तरी सांगायचं होतं. आणि या सगळ्यांच्या वर, सातव्या मजल्यावर, जो राग होता त्याला तर नावच नव्हतं. विनोदात अध्यक्षांचं नाव परत निघायच्या आत विनोदच बंद पाडायचा, यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, आणि त्यासाठी तिच्या तोंडाचा भोंगा केला होता.

चिटणीस परत आला तो ठरवूनच. संघाने तळमजल्याच्या सभागृहात सभा ठेवली होती. पोरगा येऊन सगळ्यांसमोर माफी मागणार, तिने फक्त 'माफ केलं' म्हणायचं, आणि मग अध्यक्ष नव्या लिफ्टला कप्तानचं नाव दिल्याचं जाहीर करणार.

"आणि चौकशीत चूक यांची लिहिलीय, त्याचं काय?" तिने विचारलं.

"ते वेगळं, वहिनी. ते विम्याच्या कामासाठी असतं. ते मनाला लावून घ्यायचं नसतं."

"माणूस माझा मेलाय आणि मनाला लावून घ्यायचं नाही?"

चिटणीस घसा खाकरून निघून गेला. मग दुकानाचा मालक तिच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त भित्रा होता. "हे बघ," तो हळूच म्हणाला, "दुकान संघाच्या जागेत आहे. दोन शब्द बोल आणि मोकळी हो. मला तुला कामावरून काढायची वेळ आणू नकोस."

"येते की सभेला," ती म्हणाली. "मी कुठे नाही म्हणतेय?"

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर तिला मधल्या खुर्चीवर बसवलं. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला तो पोरगा, हातात कागद. त्याच्या कपाळावर पट्टी होती. त्याने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली.

अध्यक्ष उभे राहिले. आवाज भरून आलेला. "कप्तान आमचा नोकर नव्हता, घरातला माणूस होता. आमच्यात मोठा-छोटा असा भेद कधीच नव्हता. अहो, मी स्वतः रोज त्याच्याच लिफ्टने वर जायचो!"

टाळ्या पडल्या. ती मात्र टाळ्यांच्या आधीच्या शब्दांपाशीच अडकली. वर जायचो. हो, जायचे. ते तिला माहीत होतं. पण तिचं मशीन दाराशी होतं आणि दार जिन्यासमोर. रोज संध्याकाळी अध्यक्ष कठड्याला धरून एकेक पायरी उतरत तिच्या दारावरून जायचे. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," असं आपण होऊन सांगायचे. चढताना कधी चालले नाहीत ते. तिला तेव्हा गंमत वाटली होती. पूर्वी नाही उतरायचे असे. कधीपासून उतरायला लागले होते?

तिला आठवलं कधीपासून.

पोरगा उठून कागद वाचायला लागला, "माझ्या बोलण्याने ज्या भावना दुखावल्या..."

"ठेव तो कागद," ती म्हणाली. तिने त्याच्या समोरचा माइक ओढून घेतला. "तू सहावा ना?"

पोरगा दचकला. "हो, काकू."

"विनोद कुणाचा होता?"

त्याने हातातला कागद दुमडला. "काकांचा."

सभागृहात कुजबुज झाली. चिटणीस अर्धवट उठला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बस खाली. माझ्यासाठीच आहे ना ही सभा?" मग पोराला म्हणाली, "त्यांचा होता तर तसं म्हणाला का नाहीस? आणि मोडतोड करून का सांगितलास? शेवट का बदललास?"

"घाबरलो, काकू. त्यात अध्यक्षांचं नाव होतं."

"आणि मेलेल्या माणसाला हसायला नाही घाबरलास? लाज वाटली पाहिजे तुला." पोरगा रडायला लागला. तिला त्याची दया आली नाही, पण त्याच्या आईची आली. "तुझ्या आईच्या दारावर दगड पडला तो माझ्यामुळे. मी न ऐकता बोलले. तिची माफी मी मागायला येईन. तुझी मागणार नाही."

"वहिनी, आपण आता..." अध्यक्ष पुढे झाले.

"थांबा, साहेब. विनोद राहिलाय. एवढे लोक त्याच्यावर चिडून आलेत, निदान ऐकून तरी जाऊ देत." ती समोर वळली. बटणवाली, अस्तरवाला, हमाल, सगळे होते. "तुम्ही सगळ्यांनी तो ऐकलाय. रोज ऐकलाय, लिफ्टमध्ये उभं राहून. वर न्यायची जबाबदारी माझी. पुढे काय?"

मागून हमालांच्या म्होरक्याचा आवाज आला, खाली मान घालून बोलल्यासारखा. "खाली आणायची अध्यक्षांची."

"बरोबर. हसायचात ना? मीही हसायचे. हे साहेबही हसले. त्यांच्या तोंडावर सांगितला होता यांनी, पाठीवर थाप मिळाली." तिचा आवाज चढत गेला. "पण तुम्ही-आम्ही नुसते हसलो. तो विनोद नाही, तक्रार आहे, हे या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला कळलं. त्या दिवसापासून साहेब लिफ्टने वर जायचे आणि जिन्याने खाली उतरायचे. माझ्या दारावरून. रोज. मीच नाही, तिसऱ्या मजल्याने बघितलंय, दुसऱ्याने बघितलंय. बोला, बघितलंय का नाही?"

बटणवाली तिसऱ्या मजल्यावर बसायची. तिने तोंडावर हात ठेवला. "बघितलंय," ती पुटपुटली. "आम्हाला म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय."

"ब्रेक घसरतो हे साहेबांना पटलं होतं. स्वतःपुरतं पटलं होतं. स्वतःचे पाय वापरले आणि माझ्या माणसाला गठ्ठ्यांबरोबर त्याच पेटीत ठेवलं. आणि वर लिहून दिलं, चूक कप्तानची!"

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. कॅमेरेवाल्यांनी तिच्यावरचे कॅमेरे त्यांच्याकडे फिरवले. इतके दिवस मुठी आवळणारे, काचा फोडणारे, गळ्यात पडून रडणारे, सगळे मूग गिळून आपापल्या चपलांकडे बघत होते. दुकानाचा मालक दाराशी होता, आणि तिची नोकरी गेली हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

ती वाट बघत राहिली. कोणी ओरडेल, कोणी उठेल, निदान एक खुर्ची तरी सरकेल. काही झालं नाही. मग तिने माइक तोंडाजवळ घेतला.

"चिडायला आला होतात ना?" ती म्हणाली. "मग आता चिडा."