बेटाच्या डाव्या अंगाने

नदीत उतरण्याआधी वाटाड्या बाईने सगळ्यांचे चष्मे काढून घेतले आणि एका रबरी पिशवीत बांधले. "या नदीला चष्म्यांचा भारी नाद," ती म्हणाली. "एकदा घेतला की परत देत नाही."

सगळे हसले, धाकटा तेवढा हसला नाही. चष्म्याचं दुकान होतं त्याचं, म्हणजे त्याचं आणि थोरल्या भावाचं. जगाचे नंबर तो काढायचा आणि स्वतःचा नंबर असा, की चष्मा उतरवला की हाताची बोटंसुद्धा एकमेकांत मिसळावीत. आता समोर नुसता हिरवा काला होता. लोंबतायत त्या वेली की दोर, देव जाणे!

सहलीची टूम वहिनीची. "एका काउंटरमागे जन्म गेला दोघांचा, पण बोलता फक्त गिऱ्हाइकांशी," असं म्हणून तिनेच सगळ्यांना गाडीत कोंबलं होतं. आणि पाण्यात पाय घालून बघताच ती आणि तिची जाऊ, दोघी काठाकाठाने चालत पुढे निघून गेल्या.

"पाय पुढे, बूड वर!" बाई ओरडली आणि एकेकाला घेऊन हवा भरलेल्या रबरी ट्यूबा सुटल्या. अंगात नारिंगी जाकिटं, डोक्यावर पिवळी हेल्मेटं.

पुढे नदीच्या पोटात बेट आडवं आलं. बाई कुठली तरी बाजू ओरडून सांगत होती, पण धाकट्याची ट्यूब भोवऱ्यासारखी फिरली आणि डावं-उजवं काही उरलंच नाही. नाकातोंडातलं पाणी ओसरलं तेव्हा तो एका संथ डोहात होता. शेजारी एक नारिंगी आकार, रुंद खांदे, सुटलेलं पोट. दादाच. धाकट्याने त्याच्या ट्यूबची दोरी घट्ट धरली.

चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, पण वर्षानुवर्षं ओठांवर अडलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

"दादा, मला दुकानात राहायचं नाही."

"हं," आकार म्हणाला. दादा अगदी असाच हुंकारायचा.

"मित्राचा सुतारकामाचा कारखाना आहे, तो बोलावतोय. काचा घासून घासून जीव विटलाय माझा. तुला सांगायची छातीच झाली नाही."

"मग जा की. विटल्यावर कशाला झिजायचं?"

आवाज जरा घोगरा वाटला, पण पाणी पिऊन कुणाचाही बसेल. धाकट्याला रडू फुटलं. एवढं सोपं होतं?

काठावर बाईने चष्मा हातात दिला. तो डोळ्यांवर चढवतो न चढवतो, तोच बेटाच्या पलीकडच्या अंगाने दादा गटांगळ्या खात येताना दिसला.

"कुठे उलथला होतास?" दादा खेकसला. "मी उजवीकडून हाका मारतोय, तू गडप!"

धाकट्याने मागे वळून बघितलं. उजवीकडून? मग डोहात कोण होतं? काठावर नारिंगी जाकिटंच जाकिटं आणि निम्म्यांची पोटं सुटलेली. परवानगी दिली कुणी? आणि ती धरायची की नाही?

एवढ्यात एक अनोळखी गृहस्थ डोकं पुसत जवळ आला. "काय, जाताय ना मग कारखान्यात? मोठ्या भावाला नीट सांगा हां. दादा म्हणालात म्हणून मी आपला बोललो."

"कुठला कारखाना?" दादाने विचारलं.

धाकट्याने चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग चाचरत, अडखळत त्याने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी समोर दादाचा चेहरा होता, ओला, दमलेला. त्यावर राग होता की दुसरंच काही, हे चष्मा लावूनही कळेना.

"त्याला आधी सांगितलंस," दादा शेवटी म्हणाला.

"तो तूच वाटलास."

"मी असा दिसतो?" दादाने त्या गृहस्थाच्या पोटाकडे बघितलं, मग स्वतःच्या. हसला नाही. "घासायला माणूस शोधावा लागेल. चांगला माणूस मिळत नाही हल्ली."

हा होकार, की टोमणा? धाकट्याला विचारायचं होतं, पण दादाने ट्यूबची एक बाजू उचलली होती. "धर दुसरीकडून," तो म्हणाला, आणि दोघं चिखलातून, एक ओढत, एक ढकलत, चढ चढू लागले.