बिबट्याचं दुसरं अंग

कन्नडच्या डोंगरात बिबटे मोजणारी ताहेरा पायवाटेला समोरासमोर दोन कॅमेरे बांधायची. बिबट्याच्या डाव्या-उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात ना! कॅमेरा नीट टिपतो का, हे बघायला ती स्वतःच वाटेवर रांगली, तेव्हा वनमजूर कडूबा भडकलाच होता. "म्याडम, त्याच्या वाटंवर त्याच्यावानी चालू नये."

ती नुसती हसली.

आठवड्यानं फोटो बघायला ती कॅमेऱ्यापाशी वाकली. एका कॅमेऱ्यात कालचा बिबट्या, चांगला दांडगा. समोरच्या कॅमेऱ्यात, त्याच क्षणी, त्याच जागी, रांगणारी ताहेरा. काल तर ती दिवसभर शहरात, घरी होती!

"कडूबा, हे बघा!"

कडूबा मागं सरकला. "म्याडम, आदी दोन पायांवर उभ्या ऱ्हा."

तिनं खाली पाहिलं. दोन्ही तळवे धुळीत टेकले होते.