चातुर्मासातली उकड

दूधविनायकाच्या गल्लीत राहायला आली तेव्हा मालविकाला धड पोहेही जमत नव्हते. तिच्या नवऱ्याची, रत्नाकरची, रेल्वेतली बदली झाली आणि सोलापूरचा संसार उचलून दोघं काशीला आली. माहेरी आईबाबा दिवसभर दुकानात असायचे. भूक लागली की चहात पाव बुडवायचा, एवढंच मालविकाला ठाऊक.

तिला हाताशी धरलं समोरच्या सुनीतीकाकूंनी. काकूंचं सासर कित्येक पिढ्या काशीतलं. यजमान संस्कृत शिकवायचे. ते गेल्यापासून काकू एकट्याच होत्या. मालविका बँकेतून दमून आलेली दिसली की त्या दारातूनच हाक मारायच्या, "अगं, ये इकडे! दस मिनट का काम आहे." मग कधी धिरडी व्हायची, कधी मोकळ भाजणी. तांदळाची उकड तर त्यांच्या हातची खावी. आंबट ताकात पीठ कालवायचं, फोडणीवर ओतायचं, भराभरा हलवून झाकण ठेवायचं. वरून कच्चं तेल. मालविका ती काकूंच्या शेजारी उभी राहून शिकली.

त्या वर्षी गणेशोत्सवात मराठी मंडळाने स्पर्धा ठेवली : जुन्या घरांतला झटपट खाऊ. मालविकाने उकड करायचं ठरवलं. "कर की," काकू म्हणाल्या. "मी येते बघायला."

मालविकाच्या आधी कालिंदी नावाची एक बाई होती. तिने गूळपापडी केली आणि पणजीच्या आठवणी अशा रंगवून सांगितल्या की टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मग परीक्षक वैदेहीबाई मालविकाकडे वळल्या. उकड चाखून त्यांचे डोळे चमकले.

"वा! कुणाची ही कृती?"

नाव अगदी जिभेवर होतं. पण जो तो आपली आजी, पणजी सांगत होता. आपल्याकडे सांगण्यासारखं कुणीच नाही, शेजारणीकडून उसनं आणलंय, असं चारचौघांत कसं म्हणायचं? मालविका म्हणून गेली, "माझ्या आजेसासूबाईंची."

रत्नाकरने स्वतःसुद्धा आपली आजी पाहिलेली नव्हती.

"यात लसूण नाही, मेथ्या आहेत. का बरं घालायच्या त्या?" वैदेहीबाईंनी कौतुकाने विचारलं.

मालविकाला ते माहीत नव्हतं. काकू घालायच्या म्हणून ती घालायची. तिने समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली जांभळी साडी नेसून, सुनीतीकाकू बसल्या होत्या.

"अगं, सांग ना," काकू तिथूनच मोठ्याने म्हणाल्या. "चातुर्मासात लसूण चालत नाही, म्हणून मेथ्या. आजेसासूबाईंनी सांगितलंय म्हणाली होतीस ना मला?"

लोक हसले. मालविकानेही मान डोलावली. तिला पहिला नंबर मिळाला. बक्षिसाचा स्टीलचा डबा हातात घेतला तेव्हा काकूंची खुर्ची रिकामी होती.

घरी जायला पाय उचलेनात. ती अहिल्याबाई घाटावर गेली. गंगा चढली होती, खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. वरच्या पायरीवर बसून तिने डबा पदराखाली घेतला. ओळखीचं कुणी भेटलं आणि अभिनंदन केलं तर काय बोलायचं, याचीच तिला धास्ती वाटत होती.

दिवेलागणीला ती काकूंच्या दारात उभी राहिली.

"काकू, मी तुमचं नाव घ्यायला हवं होतं."

"हवंच होतं." काकू वाती वळत होत्या; त्यांनी वर पाहिलं नाही. "तुझं तोंड एवढंसं झालं, बघवेना मला, म्हणून बोलले. पण मलाही खोटं बोलायला लागलं गं. तेही गणपतीसमोर. माझ्या सासूने शिकवलेलं मीच दुसरीच्या नावावर करून आले."

मालविकाला रडू फुटलं. काकूंनी तिला बस म्हटलं नाही.

समारोपाच्या दिवशी तिने माईक मागून घेतला. "ती उकड आमच्या घरातली नव्हती. सुनीतीकाकूंनी शिकवली. मी खोटं बोलले, आणि मला वाचवायला काकूंना बोलावं लागलं." आवाज चिरकला. मागे कुणीतरी हसलं. "बरं झालं सांगितलंत," वैदेहीबाई कोरडेपणाने म्हणाल्या. डबा दुसऱ्या आलेल्या कालिंदीला दिला गेला. तिने मालविकाकडे पाहिलंही नाही. रत्नाकर कानात पुटपुटला, "एवढं काय त्यात?" काकू आल्याच नव्हत्या. भरल्या सभागृहातून बाहेर पडताना मालविकाचे कान जळत होते.

पुढे कितीतरी दिवस समोरून हाक आली नाही. काकूंना सगळं कळलं असणार. गल्लीत असल्या गोष्टी दडून राहत नाहीत. मालविका बँकेतून येताना खाली मान घालून दार उघडायची.

अखेर एका संध्याकाळी तिनेच काकूंची कडी वाजवली.

"काकू, तुमच्या सासूबाईंचं नाव काय होतं?"

काकूंनी तिला नीट न्याहाळलं. "कशाला?"

"मला माहीत असायला हवं."

"उमा," काकू म्हणाल्या. "भारी तापट होत्या. गुठळी राहिली की पळी आपटायच्या." त्या जराशा बाजूला सरकल्या. "आत तरी ये. दार उघडं राहिलं की माकडं घुसतात."