कुरोइवासाहेबांच्या पेनचं टोपण

जपानातल्या आमच्या मितो गावात सकाळी ज्याच्या-त्याच्या तोंडाला नातोचा वास. सोयाबीन आंबवायचं, शेंबडासारख्या तारा सुटेपर्यंत घोटायचं, भातावर ओतून ओरपायचं. ई! मला बघूनच मळमळतं. आणि नोकरी मिळाली ती नातोच्याच कारखान्यात. शाळा सोडलेल्या पोरीला दुसरं घेतंय कोण?

मी प्रयोगशाळेत. नातोतलं एन्झाइम बशीतली रक्ताची गुठळी विरघळवतं, पण उबेत लवकर मरतं. म्हणून चार बाटल्यांत चार तऱ्हेच्या साखरा मिसळून, कुठल्या साखरेत ते टिकतं ते बघायला महिनाभर गरम पेटीत ठेवल्या होत्या. मग बशीत गुठळीचा पांढुरका थर पसरला, त्यावर चार बाटल्यांचे चार थेंब टाकले. पाचवा नुसत्या पाण्याचा. एन्झाइम जितकं जिवंत, तितकं भोक मोठं. पाण्याखाली काहीच व्हायला नको.

सकाळी बघते तर पाण्याखालीही हे एवढं भोक!

"चिनात्सु, नातो खाऊन आलीस ना?" प्रयोगशाळेचे मुख्य कुरोइवासाहेब गरजले. तोंडाहाताला लागलेल्या नातोतलं एन्झाइम बशीत पडतं, म्हणून नातो खाऊन आत यायचं नाही, असं दारावरच लिहिलंय.

"मी? मी जन्मात तोंडात घेतलं नाही ते!"

"मग काय बशीने खाल्लं?"

एवढ्यात मालकीणबाई आल्या. साहेब लगेच सुरू. "बाई, ही शाळेतसुद्धा नियम पाळत नव्हती. महिना फुकट घालवला हिने."

"उद्यापर्यंत कारण सांग," बाई मला म्हणाल्या. "नाहीतर घरी बस."

माझं डोकं सणकलं. साहेब पेनचं टोपण चावत उभे. दातांच्या फटीत पिवळट काहीतरी, आणि टोपणापासून ओठापर्यंत बारीकशी तार. लांबली, लोंबली, तुटली. आणि आठवलं! काल बशीचं झाकण उघडून ह्याच टोपणाने ते एकेका थेंबाला टेकवत मोजत होते. एक, दोन, तीन, चार, आणि हे पाणी.

जेवायला जाताना साहेब पेन टेबलावर विसरले. मी दोन ताज्या बश्या काढल्या. एकीवर माझी पाच बोटं दाबली. दुसरीवर ते टोपण, चिमट्याने धरून. दोन्ही उबेत.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर झाकणं उघडली. माझी बशी जशीच्या तशी. दुसरीत टोपणाएवढं लांबट भोक, आरपार.

"हे कशाचं?"

"साहेबांच्या पेनच्या टोपणाचं. चावलेल्या. परवा ह्यानेच ते थेंब मोजत होते."

साहेब लाल झाले. "मी दात घासून येतो हो!"

"नातोच्या आधी की नंतर?" बाईंनी विचारलं.

साहेब जिभेने दात चाचपू लागले.

"दारावरचा नियम कोणी लिहिलाय?"

"...मीच."

"बाटल्यांत माल उरलाय का गं?"

"एका खेपेपुरता आहे, बाई."

"मग प्रयोग तूच लाव. थेंबही तूच मोज."

साहेब बाईंसमोर कमरेत वाकले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाई गेल्यावर घसा खाकरून म्हणाले, "चल, बशी आण. मी नुसतं बघतो." आणि टोपण परत तोंडात!

मी चिमटा उचलला, त्यांच्या दातांतून ते टोपण ओढून काढलं आणि उकळत्या पाण्यात टाकलं.

"आता बघा," मी म्हटलं. "लांबून."